लहान मुले आणि वस्तुसंग्रहालय



काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. माझी धाकटी बहीण एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. तिच्या शाळेची सहल शहरातले वस्तुसंग्रहालय पाहायला निघाली. "दादा, तू इतिहासाचा माणूस. आमच्याबरोबर चल आणि मुलांना दोन शब्द सांग," असे ती म्हणाली, आणि मी गेलो. पहिली ते तिसरीची साठ मुले, दोन बाई, एक शिपाई आणि मी. दारात रांग लावली. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून मुलांची ती आगगाडी एका दालनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी फिरली. मी मोठ्या आवाजात शतके सांगत होतो, राजवटी सांगत होतो. चाळीस मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. एकही दालन सुटले नाही याचे आम्हां मोठ्या माणसांना कोण समाधान!

परतताना दुसरीतली एक मुलगी माझ्या शेजारी बसली होती. मी विचारले, "काय काय बघितलंस गं आज?" तिने थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "गुरुजी, तिथं समदीकडं 'हात लावू नका' व्हतं."

ती खरे तेच बोलली. तिला नुकतेच वाचता येऊ लागले होते. कपाटातल्या बहुतेक वस्तू तिच्या डोक्याच्या वर होत्या, आणि तिच्या डोळ्यांसमोर पुन्हापुन्हा येत होती ती ही पाटी. तेवढी तिने वाचली. यात तिची चूक नव्हती, संग्रहालयाचीही नव्हती. महाविद्यालयातल्या मुलांना जे सांगायचे ते मी सात वर्षांच्या मुलांना चालता चालता सांगत होतो. चूक माझी होती.

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शहरातल्या मुलाला आज नाही तर पुढच्या रविवारी संग्रहालयात जाता येते. खेड्यातल्या मुलाचे तसे नसते. गाडीभाडे जमवायचे, घरच्यांचा होकार मिळवायचा, तेव्हा कुठे एकदा जाणे होते. पुष्कळ मुलांची शाळेतली ही पहिली भेट शेवटचीही ठरते. ती एक भेट वाया गेली, तर 'हे आपल्यासाठी नाही' असे मुलाच्या मनात बसते, आणि मनात बसलेले लवकर उठत नाही. म्हणून लहान मुलांना, म्हणजे साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांना, संग्रहालय कसे दाखवावे याचा आज थोडा विचार करू.

उदाहरणासाठी पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय घेऊ. बाजीराव रस्त्याजवळचे हे संग्रहालय आपल्यापैकी काहींनी पाहिले असेल. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्याचा व्यवसाय करणारे गृहस्थ. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविताही लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. तलवारी आणि चिलखतांच्या जोडीने त्यांनी समया, लामणदिवे, अडकित्ते, दौती, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकाची भांडी, वाद्ये, कोरीव दारे आणि खिडक्या गोळा केल्या. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवर आणि अडगळीत पडलेले असे जिन्नस त्यांनी आणले. या कामात त्यांच्या पत्नी कमलाबाई यांचा मोठा वाटा होता. १९७५ साली केळकरांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आणि संग्रहालयाच्या नावातला 'राजा' कोण, ठाऊक आहे? तो कुणी गादीवरचा राजा नव्हे. तो केळकरांचा बालवयात गेलेला मुलगा. एका लहान मुलाच्या आठवणीसाठी उभ्या राहिलेल्या घरात लहान मुलांना आपण खांद्यावर हात ठेवून पळवत न्यावे, हे बरे दिसत नाही.

आता साधा हिशेब करू. या संग्रहात सुमारे २० हजार वस्तू आहेत आणि मांडलेल्या आहेत त्यांतल्या सुमारे अडीच हजार. तुमच्या सहलीला तास मिळाला, म्हणजे ३,६०० सेकंद. एका वस्तूच्या वाट्याला दीड सेकंदही येत नाही. जिने चढण्याउतरण्याचा वेळ तर धरलाच नाही. दीड सेकंदात मूल काय पाहणार? म्हणून पहिला नियम असा की सगळे दाखवायचे नाही. तीन वस्तू निवडाव्यात, फार तर चार. बाकीच्या वाटेत दिसतील तेवढ्या दिसतील.

"इतक्या लांब येऊन तीनच वस्तू? पालक काय म्हणतील?" ही शंका रास्त आहे. पण गावच्या जत्रेत मूल काय करते ते आठवा. सगळी जत्रा त्याला दिसते, पण ते थांबते एका खेळण्याच्या गाड्यापाशी, आणि घरी येऊन त्या एका गाड्याचे वर्णन चार दिवस करते. लहान मुलाची पाहण्याची रीत ही अशी असते. आपण तिच्या बाजूने काम करावे.

तीन वस्तू निवडायच्या त्या एका धाग्यात ओवता येतील अशा. केळकर संग्रहालयातली दार, वज्री आणि दिवा ही तीन घ्या आणि 'दिवेलागण' असा विषय धरा. माणूस शेतातून घरी आला. दारात पोहोचला. ते दार कसे होते? त्याने पाय धुतले, भेगाळलेल्या टाचा वज्रीने घासल्या. मग घरात दिवा लागला. संध्याकाळची ही वेळ प्रत्येक मुलाच्या ओळखीची आहे. तिच्यात जुनी वस्तू नेऊन ठेवली की ती मुलाला परकी वाटत नाही. विषय 'धातुकाम' ठेवला असता तर त्याच तीन वस्तू मुलांच्या डोक्यावरून गेल्या असत्या.

सहलीचे निम्मे काम सहलीच्या आधीच होते. शिक्षकांपैकी एकाने आधी एकटे जाऊन यावे. ते जमत नसेल तर पत्र पाठवावे किंवा फोन करावा. सुट्टीचा वार कोणता, कोणत्या वेळी गर्दी कमी असते, शाळेला प्रवेशशुल्कात सवलत आहे का, दप्तरे आणि डबे कुठे ठेवायचे, पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, पंधरा-वीस मुलांना जमिनीवर बसता येईल अशी जागा कोणत्या दालनात आहे, हे सगळे विचारून घ्यावे. दालनाच्या रखवालदाराशी दोन गोड शब्द आधी बोलून ठेवावेत. तो वर्षानुवर्षे त्या वस्तूंजवळ उभा असतो आणि पुष्कळदा आपल्याला माहीत नसलेले सांगतो. आणि एक गोष्ट करून पाहा. निवडलेल्या वस्तूसमोर उकिडवे बसा आणि मान वर करून पाहा. तुमच्या मुलाला ती तेवढीच दिसणार आहे. उकिडवे बसून दिसत नसेल तर दुसरी वस्तू निवडा.

शाळेत आठवडाभर आधी त्या विषयाची मशागत करावी. मुलांना घरी विचारायला सांगावे, "आजी, तुमच्या लहानपणी दिवा कसा होता?" काळ समजावण्यासाठी एक दोरी घ्यावी. 'तीनशे वर्षांपूर्वी' हे शब्द सहा वर्षांच्या मुलाला कळत नाहीत. त्याला कालचे आणि परवाचेही अजून नीट लागलेले नसते. दोरीच्या टोकाला तो स्वतः. पहिली गाठ आईची, दुसरी आजीची, तिसरी आजीच्या आईची. पिढीला साधारण पंचवीस वर्षे धरली तर चार गाठींचे शतक होते. बारा गाठींची दोरी वर्गात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरली, की तीनशे वर्षे किती लांब ते मूल डोळ्यांनी पाहते.

आता प्रत्यक्ष सहलीचा दिवस. साठ मुले एकदम आत नेऊ नयेत. वीस-वीसच्या तीन तुकड्या कराव्यात आणि आत जाताना दहा मुलांमागे एक मोठे माणूस असावे. त्यासाठी पालकांतून चार-पाच जणांना बरोबर घ्यावे. आजीआजोबा आले तर सोन्याहून पिवळे. एक तुकडी आत असताना दुसरी बाहेर सावलीत डबा खाईल, तिसरी चित्र काढील किंवा गाणे म्हणेल. आत जाण्याआधी पाणी, लघवी आणि खाणे ही तिन्ही कामे उरकून घ्यावीत. पोटात कावळे ओरडत असताना कोणत्याही वयाच्या माणसाला कलाकुसर दिसत नाही. आतला वेळ पाऊण तासापेक्षा जास्त नसावा.

वस्तूसमोर आले की मुलांना खाली बसवावे. बसलेले मूल ढकलाढकली करत नाही आणि त्याचे डोळे स्थिर होतात. मग मिनिटभर कुणीच बोलायचे नाही, शिक्षकांनीही नाही. आपल्याला हेच सर्वांत अवघड जाते! मिनिट झाले की विचारावे, "काय काय दिसलं?" मुले सांगतील, मोर दिसला, साखळी दिसली, काळा डाग दिसला. सगळी उत्तरे घ्यावीत. त्यानंतर दुसरा प्रश्न, "हे कशाचं केलं असेल?" तिसरा, "कुठं झिजलंय?" हा तिसरा प्रश्न फार गुणाचा आहे. झिजलेली जागा म्हणजे कुणाचा तरी हात, कुणाची तरी टाच तिथे वर्षानुवर्षे लागलेली असते. तिथून मूल आपोआप माणसापाशी येते आणि "हे कोण वापरत होतं?" असे तेच विचारते. त्याने विचारले की मग सांगावे. माहिती शेवटी आणि थोडी. आधीच सांगून टाकली, तर पाहायचे काही उरतच नाही.

शेवटी प्रत्येकाला कागद आणि शिसपेन्सिल द्यावी. शाईचे पेन आत नेऊ नये. शाई सांडली तर जुन्या वस्तूवरून निघत नाही. तीनांपैकी आवडलेल्या एकाच वस्तूचे चित्र काढायला सांगावे. चित्राला गुण देऊ नयेत आणि घरी गेल्यावर दहा ओळींचा निबंधही लावू नये. निबंध लागणार हे कळले, की मूल वस्तू सोडून पाटीवरची अक्षरे उतरवू लागते.

आता 'हात लावू नका' याकडे येऊ. लहान मूल हाताने शिकते. थंड की गरम, जड की हलके, खरखरीत की गुळगुळीत, हे त्याला हातच सांगतो. संग्रहालयाचे म्हणणेही खरे आहे. आपल्या हाताला घाम असतो, घामात मीठ असते, त्वचेला तेलकटपणा असतो. त्याने पितळ काळवंडते, कापड मळते, रंग उडतो. एका मुलाच्या हाताने काही बिघडणार नाही, पण वर्षाला हजारो हात लागले तर वस्तू उरणार नाही. मुलांना हे नुसते सांगू नका, दाखवा. चिंचेने लखलखीत घासलेल्या दोन पितळी वाट्या घ्या. एक कागदात गुंडाळून ठेवा. दुसरी वर्गात फिरवा, आठ-दहा दिवस रोज सगळ्यांच्या हातून जाऊ द्या. मग दोन्ही शेजारी ठेवा. बोटांचे डाग पाहिलेल्या मुलाला पाटीची गरज उरत नाही. उलट तेच दुसऱ्याला बजावते.

पण नुसती मनाई करून भागत नाही. हाताची भूक दुसरीकडे भागवावी लागते. त्यासाठी शाळेने एक पेटी करावी. तिच्यात जुनी समई, बैलाच्या गळ्यातली घंटा, लाकडी शाईची दौत, शेर आणि पायली ही मापे असावीत. संग्रहालय पाहून बाहेर आले की पेटी उघडावी. मुले घंटा वाजवतील, समई उचलून पाहतील, चार शेर वाळू मोजून पायली भरते का ते पाहतील. धारेच्या आणि टोकदार वस्तू पेटीत नकोत. अडकित्ता दाखवायचा तर तो शिक्षकांनीच हातात धरून दाखवावा.

अशी व्यवस्था संग्रहालयांनीही करावी ही अपेक्षा अवाजवी नाही. १८९९ च्या डिसेंबरात अमेरिकेत न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिन भागात खास मुलांसाठी एक संग्रहालय उघडले. केवळ मुलांसाठी काढलेले ते जगातले पहिले मानले जाते. आपल्याकडे मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. त्याच्याच आवारात २०१९ साली मुलांचे वेगळे संग्रहालय सुरू झाले. याच संस्थेने २०१५ साली एका मोठ्या बसमध्ये फिरते संग्रहालय काढले. मुलांना संग्रहालयाकडे येता येत नसेल तर संग्रहालयाने मुलांकडे जावे, हा त्यातला विचार. आपल्या मातीत हा विचार नवा नाही. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा नेली. शंखशिंपले, बिया, पाने, गोटे अशा परिसरातल्याच वस्तूंनी त्यांनी मुलांना शिकवले.

प्रत्येक संग्रहालयाला बस परवडणार नाही. पण थोडक्यात होण्याजोगे पुष्कळ आहे. मुलांच्या कामासाठी एक माणूस नेमून द्यावा आणि शाळेला त्याचेच नाव कळवावे. एका वेळी एकच शाळा घ्यावी. उंच कपाटापुढे मुलांना उभे राहायला लांबट चौरंग ठेवावा. जास्तीच्या किंवा नकली वस्तूंचे एक तबक हात लावण्यासाठी ठेवावे. मुले जे प्रश्न विचारतात ते एका वहीत टिपून ठेवावेत. वर्षभराने ती वही वाचली, तर कोणती पाटी बदलायची आणि कोणती वस्तू खाली आणायची ते संग्रहालयाला मुलांकडूनच कळेल.

पुण्याला जाणे लांब पडत असेल तर जवळचे ठिकाण पाहा. सातारा जिल्ह्यात औंधचे श्री भवानी संग्रहालय आहे. कोल्हापुरात टाउन हॉलच्या इमारतीतले संग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवरच्या उत्खननात निघालेल्या वस्तू तिथे आहेत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे संग्रहालय आहे. नागपुरात १८६३ साली निघालेले मध्यवर्ती संग्रहालय आहे. लोक त्याला प्रेमाने 'अजब बंगला' म्हणतात. या नावात मुलांच्या मनातले सगळे आले. अजब वाटले पाहिजे; माहिती मागाहून येईल.

आणि सहल संपली की काम संपले असे समजू नका. वर्गात एक फळी मोकळी करा. मुलांनी घरून एकेक जुनी वस्तू आणावी, पालकांच्या संमतीने आणि परत देण्याच्या बोलीवर. वहीत नोंद ठेवा: वस्तू कोणती, कुणाच्या घरची, कधी आणली, कधी परत केली. ही नोंद कटाक्षाने ठेवा, कारण कुणाच्या घरची वस्तू हरवली तर गावाचा विश्वास उडतो. प्रत्येक वस्तूपुढे मुलाने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावावी. आठवड्यातून एकदा एखाद्या आजीला किंवा आजोबांना वर्गात बोलवावे. ज्या म्हातारीला कुणी शाळेत कधी बसवले नाही, तिला मुलांपुढे खुर्चीवर बसून जात्याविषयी सांगताना एकदा पाहा. ते ऐकताना मुलांची जी एकाग्रता दिसते ती माझ्या व्याख्यानाला कधी लाभलेली नाही.

मी सुरुवातीला सांगितलेल्या शाळेची सहल पुढच्या वर्षी पुन्हा निघाली. या वेळी तुकड्या वीसच्या होत्या, वस्तू तीन होत्या आणि मी बराच वेळ गप्प बसलो. ती मुलगी आता तिसरीत होती. महिन्याभराने बहिणीकडे गेलो तेव्हा वर्गातली फळी पाहिली. समईच्या आणि फुटक्या दौतीच्या मध्ये एक झिजलेली वज्री ठेवली होती. पुढे वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिले होते: 'आजीची वज्री. हात लावा.'

तुमच्या शाळेतही अशी एक फळी या वर्षी करून पाहा. तिला पैसा लागत नाही.